नाव घेऊन शुभेच्छा द्या

"सर्वांना सणाच्या हार्दिक शुभेच्छा." कुठला सण, कुणाचा सण, काही नाही. मागे फुगे, पणत्या, दोन-चार फुलं. नाव घेतलं नाही म्हणजे कुणी दुखावणार नाही, वाद होणार नाही, असा हिशोब सार्वजनिक कार्यालयांत हल्ली मांडला जातो. माझं मत सरळ उलट आहे. पालिका, शाळा, रुग्णालय, परिवहन सेवा यांनी शुभेच्छा द्यायच्या असतील तर सणाचं नाव घेऊन द्याव्यात, त्या समाजाच्या शब्दांत द्याव्यात आणि योग्य दिवशी द्याव्यात. बिननावाची शुभेच्छा कुणालाच पोचत नाही.

ही बिननावाची पद्धत मूळची आपल्याकडची नाही. ऐरोली, घणसोली, महापे इथल्या आयटी पार्कांमध्ये डिसेंबरात परदेशी ग्राहकांची पत्रं येतात, त्यांत 'हॅपी हॉलिडेज' असतं. अमेरिकेत त्याला कारण आहे. तिथे केंद्र सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत धार्मिक सण एकच, नाताळ, तोही १८७० पासून. सरकारशी संबंधित नाताळच्या सजावटीत येशूजन्माचा देखावा चालेल का, यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये एका प्रकरणात होकार दिला आणि १९८९ मध्ये दुसऱ्या प्रकरणात कोर्टाच्या जिन्यावरचा येशूजन्माचा देखावा नाकारला. एकाच सणाची मक्तेदारी असेल तर त्याचं नाव वगळल्याने इतरांना जागा मिळते, हे खरं आहे.

आपली यादी बघा. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली राज्य सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करतं, त्या साधारण २४ असतात. त्यात हिंदू सणांबरोबर रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद आहेत, गुड फ्रायडे आणि नाताळ आहेत, महावीर जयंती, बुद्ध पौर्णिमा, गुरुनानक जयंती आणि पारशी नववर्षसुद्धा आहे. नावं घेण्याचं काम राज्याने आधीच केलेलं आहे. ती पुसून टाकली तर तोटा लहान समाजांचाच होतो, कारण गणपती आणि दिवाळी कुणाच्या विसरण्यातल्या नाहीत.

'धर्मनिरपेक्ष संस्थेने धार्मिक शुभेच्छा द्याव्यात का' हा प्रश्न रास्त आहे. राज्यघटनेचं कलम २७ सांगतं की एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कर द्यायची सक्ती कुणावर करता येणार नाही. हज अनुदानाच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कराचा मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी वापरला गेला तरच या कलमाचा भंग होतो. तेव्हा फलकावरच्या दोन ओळींनी घटना मोडत नाही. मात्र एका समाजाला दरवर्षी कमान आणि रोषणाई, दुसऱ्याला दोन ओळी आणि तिसऱ्याला काहीच नाही, हे समानतेच्या विरुद्ध आहे. म्हणून आकार, जागा आणि खर्च सगळ्यांसाठी एकच ठेवायचा. एकच साचा, फक्त मजकूर आणि चित्र बदलायचं.

आता शब्द. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या बहुतेक वेळा सवयीने 'हार्दिक शुभेच्छा' डकवल्यामुळे होतात. मोहरमची सुट्टी असते ती आशुराची, महिन्याच्या दहाव्या दिवसाची. करबलाच्या लढाईतल्या इमाम हुसेन यांच्या शहादतीचा तो दिवस. तिथे 'मुबारक' किंवा 'शुभेच्छा' लिहिणं म्हणजे कुणाच्या दुखवट्यात पेढे वाटणं. गुड फ्रायडेचंही तसंच. नावात 'गुड' आहे म्हणून 'हॅपी गुड फ्रायडे' लिहिलं जातं, पण तो येशूच्या क्रूसावरील मरणाचा दिवस आहे. आनंदाचा संदेश त्यानंतरच्या रविवारी, ईस्टरला. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी 'विनम्र अभिवादन' लिहावं. बुद्ध पौर्णिमेला बौद्ध कुटुंबांत 'मंगल कामना' म्हणतात, तो शब्द वापरला की वाचणाऱ्याला लगेच कळतं की लिहिणाऱ्याने आपल्याला विचारून लिहिलंय.

पारशांच्या पतेतीचा घोळ तर जुना आहे. 'पतेत' म्हणजे पश्चात्ताप. पतेती हा वर्षाचा शेवटचा दिवस, झालेल्या चुकांची कबुली देण्याचा, आणि नवरोज, म्हणजे नववर्ष, दुसऱ्या दिवशी. आपण मात्र नववर्षालाच पतेती म्हणतो. इथले बहुतेक पारशी पाळतात ते शहेनशाही पंचांग बरोबर ३६५ दिवसांचं, त्यात लीप वर्ष नाही, त्यामुळे नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे सरकतो. २०२४ ते २०२७ तो १५ ऑगस्टला येतो. म्हणजे ध्वजवंदनाच्या गडबडीत ही शुभेच्छा दरवर्षी राहून जाणार. ती आदल्या आठवड्यातच तयार ठेवावी आणि १५ तारखेला दुपारी लावावी.

तारखांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आगाऊ वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट इथेच फसतात. रमजान ईद चंद्रदर्शनावर. रमजानच्या २९ व्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाहीतर तीस रोजे पूर्ण करून. सुट्टीच्या यादीतली तारीख अंदाजाची असते. त्या तारखेची पोस्ट आपोआप जाईल असं करून ठेवलं आणि चंद्र दिसला नाही, तर लोक रोजा धरून बसलेले असताना त्यांना 'ईद मुबारक' जातं. ही पोस्ट माणसाने हाताने टाकायची, चंद्र दिसल्याचं जाहीर करणाऱ्या हिलाल कमिटीची घोषणा झाल्यावर. बकरी ईदला ही अडचण नाही. ती जिल्हिज महिन्याच्या दहाव्या दिवशी, त्यामुळे चंद्र दिसल्यावर नऊ-दहा दिवस हातात मिळतात.

ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं जवळजवळ आली. योगायोग वाटतो, पण गणित आहे. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष ३५४-३५५ दिवसांचं आणि त्यात भर नाही, आपलं पंचांग अधिक मास घालून सूर्याशी जमवून घेतं. २०२३ च्या अधिक श्रावणानंतर भाद्रपद आणि ईद-ए-मिलादचा हिजरी महिना रबीउल अव्वल बरोबरीने चालले. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला की ही जोडी सुटते. त्या तीन वर्षांत मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलले आणि सरकारने सुट्टी बदलली. २०२३ ला २८ ऐवजी २९ सप्टेंबर झाली. २०२५ ला मात्र ५ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबर हा बदल फक्त मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांपुरता होता. ठाणे जिल्हा त्यात नव्हता, आणि नवी मुंबई पालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. मुंबईचा फिरता संदेश उचलून वाशीत किंवा मुंब्र्यात लावला तर सुट्टीच चुकीची जाहीर होते. शासनाची अधिसूचना उघडून जिल्ह्याचं नाव वाचल्याशिवाय एक अक्षर टाकू नये.

चित्रांची गोष्ट. महावीर जयंतीला बुद्धाचं चित्र जाणं ही नेहमीची चूक. ध्यानस्थ बसलेली मूर्ती दिसली की उचलली. महावीरांचं लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, सिंह; छातीवर श्रीवत्स हे शुभचिन्ह. बुद्धाच्या अंगावर चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, असतं. ओळखता येत नसेल तर जैन प्रतीक वापरा. ईद-ए-मिलादला मानवी आकृती अजिबात नको, नक्षी आणि अक्षरं पुरेत. ईदला ताजमहाल लावू नये, ती कबर आहे.

अक्षरांचं म्हणाल तर, उर्दू मजकूर साध्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की अक्षरं सुटी होतात आणि उलट्या क्रमाने बसतात, कारण उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय चालू केलेली नसते. छापण्याआधी पालिकेच्या उर्दू शाळेतल्या शिक्षकाला दाखवावं, दोन मिनिटांचं काम आहे. मराठीतही 'दिपावली', 'शूभेच्छा', 'हार्दीक' असं चौकाचौकात लागतं. दीपावली, शुभेच्छा, हार्दिक. मराठी संस्थेने निदान एवढं तरी नीट लिहावं.

नेत्यांचे फोटो नकोत. सरकारी जाहिरातींतल्या छायाचित्रांवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ ला बंधनं घातली, पुढे २०१६ मध्ये मुख्यमंत्री आणि मंत्र्यांपुरती ती सैल केली. कायद्याचं असो, सणाच्या शुभेच्छेत सणापेक्षा चेहरा मोठा दिसला की ती जाहिरात होते. संस्थेचं बोधचिन्ह पुरे.

शुभेच्छा वेगळी आणि पूजा वेगळी, हे मात्र ठाम ठेवायला हवं. दसऱ्याला डेपोत बसला झेंडूचा हार घालणं, अग्निशमन केंद्रात अवजारं पुजणं ही कष्टाची माणसं आपल्या साधनांविषयी दाखवतात ती कृतज्ञता आहे. तिला माझा विरोध नाही. विरोध आहे तो वर्गणीची यादी साहेबांच्या टेबलावरून फिरवायला. यादीत नावापुढे रक्कम लिहायची असली की नको म्हणणारा माणूस उघडा पडतो. बंद पेटी ठेवा, ज्याला द्यायचं तो देईल. कुणी आलं, कुणी नाही याची नोंद नको. खिडकीवरचं काम पूजेसाठी थांबवू नका. दाखल्यासाठी नाहूरहून की दिव्याहून रजा टाकून आलेल्या माणसाला 'आज पूजा आहे' हे उत्तर देता येत नाही. शाळांबाबत तर कलम २८ आहेच. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत मुलाला त्याच्या, किंवा तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. रुग्णालयाच्या वॉर्डात अगरबत्ती आणि पणती नको, तिथे ऑक्सिजन असतो. रांगोळी दारात काढताना व्हीलचेअरचा उतार सोडून काढा, पावडरवर चाक आणि काठी दोन्ही घसरतात.

'मग यादीला अंत कुठे? उद्या मल्याळी ओणम, बिहारी छठ, सिंधी चेटीचंड सगळेच मागतील.' मागू देत की. वर्षातून चाळीस पोस्ट झाल्या तर कुठलं ओझं पडतं? कसोटी एकच, आपल्या हद्दीत तो सण साजरा होतो का. त्या कसोटीवर ओणम आणि छठ नवी मुंबईत सहज बसतात. चेंदणी कोळीवाडा, दिवाळे, सारसोळे इथल्या कोळ्यांची नारळी पौर्णिमा राज्याच्या सुट्ट्यांत नाही, पण ती तर इथल्या मूळ रहिवाशांची. ती आधी.

आणि ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. टेंभी नाक्याजवळचं त्यांचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग, १८७९ चं आहे. माणसं मराठी बोलणारी, २०१६ पासून राज्यात ज्यूंना अल्पसंख्याक दर्जाही आहे, पण सुट्ट्यांच्या यादीत त्यांचा एकही दिवस नाही. त्यांच्या नववर्षाला, रोश हशानाला, त्यांच्या मराठीत जुनं नाव आहे 'नव्याचा सण'. तोच शब्द फलकावर लिहावा. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. २०२६ मध्ये हा सण ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो, गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी. तो शुक्रवार आहे, म्हणजे सूर्यास्तापासून शब्बाथ हा आठवड्याचा विश्रांतीचा दिवसही लागतो, आणि शब्बाथ पाळणाऱ्या घरांत फोन बाजूला ठेवलेले असतात. तेव्हा पोस्ट दुपारी चारपर्यंत टाका.