‘येशूकडे आलात की चिंता मिटते’ या वाक्याबद्दल, जरा उशिराच

नमस्कार,

उत्तराला चार दिवस लागले, सॉरी. तुमची कमेंट पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू, आणि रागात टाइप केलेलं सगळं पाठवायच्या आधी डिलीट केलं ते बरंच झालं, कारण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. ख्रिस्तात मिळणाऱ्या विसाव्यावर मी जो लेख लिहिला त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. हा मनाचा खेळ आहे, अशी शांती वीस मिनिटं डोळे मिटून श्वास मोजले तरी मिळते. तुमच्या ओळखीतले ख्रिस्ती लोकच सगळ्यात जास्त टेन्शनमध्ये असतात, रविवारी गाणी आणि सोमवारी बीपीची गोळी. आणि ‘येशूकडे आलात की सगळी चिंता मिटते’ हे माझं वाक्य निव्वळ जाहिरात आहे, ज्याची चिंता मिटत नाही त्याला ते वाचून उलट अपराधी वाटतं.

शेवटच्यापासून सुरू करतो, तिथेच मला लागलं.

बाबांना अर्धांगवायू झाला होता तेव्हाची गोष्ट. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागायची, रात्रीसुद्धा. बाराचा अलार्म, दोनचा, चारचा. मी तेव्हा बाप्तिस्मा घेऊन नऊ वर्षं झालेला, मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) विश्वासाची साक्ष देणारा, तरुणांना शिकवणारा वगैरे माणूस. आणि माझी एक वही होती. तिच्यात रकाने आखलेले, सकाळची प्रार्थना, किती अध्याय वाचले, कोणाकोणासाठी मध्यस्थी (म्हणजे दुसऱ्यांसाठी प्रार्थना) केली, आणि पुढे बरोबरची खूण. खूण राहिली की दिवसभर पोटात गोळा. बाबा बरे होत नाहीत म्हणजे माझाच विश्वास कुठेतरी कमी पडतोय हा हिशोब डोक्यात पक्का बसलेला, आणि तो कुणा नास्तिकाने नाही, घरी प्रार्थनेला आलेल्या एका भल्या माणसानेच बसवला होता, ‘अजून थोडा विश्वास धरा’ म्हणून. त्यामुळे तुम्ही ‘अपराधी वाटतं’ म्हणता तेव्हा मला ते कोणी समजावून सांगायची गरज नाही, आणि तरी मी तेच वाक्य लिहून बसलो, कमाल आहे.

तर एका रात्री चारच्या अलार्मला उठलो, बाबांना कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली आणि प्रार्थनेला तोंड उघडलं तर शब्दच फुटेना. एकही नाही. तसाच पलंगाच्या कडेला बसून राहिलो, त्यांचा पाय हातात, गार पडलेला, आणि मनात एवढंच आलं की प्रभू, आज माझ्याकडून काही नाही, वहीपण नाही. पुढे काहीच झालं नाही. प्रकाश नाही, आवाज नाही. फक्त कोणी रागावलं नाही. हे मला नीट सांगता येत नाही, पण तोपर्यंत देव समोर बसून वही तपासतोय असं जे सतत वाटायचं ते वाटेनासं झालं, आणि बसल्या बसल्या डोळा लागला तो सहाच्या अलार्मलाच उघडला. बाबा चार महिन्यांनी गेले. चिंता मिटली नव्हती, बिलं होती, भावाशी धुसफूस चालूच होती, माझी पाठ तेव्हा धरली ती धरलीच.

आता तुम्ही म्हणाल थकला होतात, झोप लागली, यात देव कुठे आला. ठीक आहे, झोपेचं श्रेय मी थकव्यालाच देतो. श्वास मोजून शांत वाटतं हेही मान्य, मी स्वतः करतो कधीकधी. पण माझी अडचण शांत न वाटण्याची नव्हतीच. आपण पुरे पडलो का या प्रश्नाचा खटला आत चोवीस तास चालू होता, आरोपी मीच आणि न्यायाधीशही मीच. श्वास मोजताना तो तेवढ्यापुरता तहकूब होतो, उठलं की पुढची तारीख. ख्रिस्ती विश्वास म्हणतो की निकाल लागून गेलाय, वधस्तंभावर, तुझी वही उघडायच्या आधीच. हे खरं की खोटं यावर तुम्ही माझ्याशी खुशाल भांडा, पण हा दावा मन शांत करायच्या युक्तीपेक्षा वेगळ्या जातीचा आहे एवढं तरी मानाल.

आणि बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायातलं जे वचन मी लेखात दिलं होतं, ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन’, ते मी अर्ध्यावर तोडलं ही माझी चूक. पुढच्याच ओळीत येशू म्हणतो माझं जू आपल्यावर घ्या. जू! थकलेल्या बैलाला कोणी जू देतं का? बहुतेक भिंतीवरच्या कॅलेंडरांवर पहिलीच ओळ छापतात, दुसरी छापली तर कोण टांगणार. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 4थ्या अध्यायात तर अजून मजा आहे, आधी म्हणतात की देवाच्या विसाव्यात जो आला त्याने आपल्या कृत्यांपासून विसावा घेतला, आणि लगेच म्हणतात की त्या विसाव्यात येण्याचा प्रयत्न करा. मी ते वर्षानुवर्षं ‘अजून प्रयत्न करा’ एवढंच वाचत होतो. आता वाटतं प्रयत्न लागतो तो हातातली वही खाली ठेवायला, आणि तो मला रोज नव्याने लागतो. म्हणजे काम तेच राहिलं, कूस बदलायचीच होती, फक्त ते करून कोणाला काही सिद्ध करायचं उरलं नाही.

टेन्शनवाल्या ख्रिस्ती लोकांबद्दल. हो, असतात, मीही त्यातलाच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 सालचा, पण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विदुषी आणि आठ वर्षं! आणि ‘तुझ्या ठायी विसावेपर्यंत आमचं मन अस्वस्थ’ असं देवाला सांगणारा प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन, त्याचा बाप्तिस्मा 387 सालचा, त्यानंतर त्याला निवांत आयुष्य मिळालं म्हणाल तर अजिबात नाही, बिशप होऊन लोकांचे मालमत्तेचे तंटे सोडवत बसावं लागायचं आणि त्याची तो तक्रारही करायचा. 430 साली तो उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोत मरणाला टेकला तेव्हा शहराला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडलेला. बायबलमधली पश्चात्तापाची स्तोत्रं उतरवून पलंगाजवळच्या भिंतीवर लावून घेतली होती, पडल्या पडल्या ती वाचायचा आणि रडायचा. तुमच्या मापाने हा माणूस नापास. मला मात्र तो रडतानाही घरी पोचलेला वाटतो, आता हे मत झालं, पुरावा नाही, कबूल.

बीपीच्या गोळीवर मात्र तुमच्याशी वाद आहे. ती घ्यायलाच हवी, आणि मन सतत खचलेलं असेल तर डॉक्टरकडेही जायला हवं, त्यात विश्वासाचा काही पराभव नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली ‘मला मरू दे’ म्हणत पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, ऊठ, खा म्हणाला, आणि तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं. आणि स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही.

काढून टाकायचं होतं ते माझं वाक्य. ‘सगळी चिंता मिटते’ आज लेखातून काढलं, तुमच्यामुळे. त्या जागी काय लिहावं यावर दोन दिवस डोकं खाजवतोय, जे सुचतं ते पुन्हा जाहिरातीसारखंच वाटतं, म्हणून सध्या तिथे पहिल्या ओळीनंतर सरळ जुवाची ओळ टाकलीये.