बांधून ठेवलेली पट्टी

जपानमधल्या नागोयात तांबड्या विटांची एक जुनी कापडगिरणी आहे. टोयोटा समूहाचे मूळ संस्थापक साकिची तोयोदा यांनी १९११ साली उभारलेल्या त्या जागेत १९९४ पासून त्या समूहाचे उद्योग-संग्रहालय आहे. अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी येथे आल्यावर मी ते पाहायला गेलो आणि मोटारींच्या दालनाआधी मागांपाशीच अडकलो, कारण प्रात्यक्षिकासाठी सुरू केलेल्या मागाच्या खडखडाटाने सोलापूरच्या पूर्व भागातल्या मामांच्या टॉवेलच्या कारखान्यातली दुपार कानांत उभी राहिली. तेथे १९२४ सालचा स्वयंचलित माग आहे. तो न थांबता धोटा (आडवा धागा नेणारा भाग) बदलत असे, मात्र ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की आपणहून थांबत असे. सदोष कापड विणत बसण्यापेक्षा माग बंद राहिलेला बरा, हा विचार पुढे मोटारींच्या कारखान्यात गेला, आणि टोयोटाच्या उत्पादनपद्धतीशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या ताइइची ओनो यांची नोकरीही १९३२ साली तोयोदांच्या कापडगिरणीतच सुरू झाली. आज चाकणच्या कारखान्यांत अपव्यय टाळण्याचे जे शास्त्र शिकवले जाते, त्याचा उगम असा मागाशेजारचा आहे.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास मी घरी जातो, तेव्हा चर्चेचे विषय ठरलेले असतात: विजेचा दर, सुताचे भाव, पानिपतचा स्वस्त माल आणि तोच ‘सोलापुरी’ म्हणून खपवणारे व्यापारी. यांतली एकही तक्रार खोटी नाही. तरीही गेल्या खेपेला मी मामेभावाला विचारले की, महिन्याला किती टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे सदोष मालात, जातात? विजेचे बिल त्याला रुपयापर्यंत पाठ होते, सुताचा भाव तो काउंटनुसार, म्हणजे सुताच्या जाडी-बारकाईनुसार, सांगत होता. या प्रश्नाला मात्र ‘असतात थोडेफार’ एवढेच उत्तर आले.

मग आम्ही दोन दिवस वही घेऊन मागांजवळ उभे राहिलो आणि माग बंद पडला की वेळ व कारण लिहू लागलो. धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरून येण्याची वाट, बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) बदलणे, जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) दुसऱ्या मागात गुंतलेला असणे, ही कारणे अपेक्षित होती. अनपेक्षित होते ते वेगळेच. काही मागांवर धागा तुटल्यास माग थांबवणारी पट्टी होती, पण ती सुतळीने बांधून ठेवलेली होती. ‘सारखा माग बंद पडतो,’ असे कामगाराने सांगितले, आणि त्याच्या बाजूने ते अगदी योग्य होते. त्याची मजुरी नगावर ठरते. धागा जोडण्यासाठी माग थांबवला, तर ती मिनिटे त्याच्या खिशातून जातात. धागा तसाच सोडला, तर टॉवेल सेकंडमध्ये जातो आणि नुकसान मालकाच्या हिशेबात बुडून जाते. ज्या शोधावर जपानात एक उद्योगसाम्राज्य उभे राहिले, तो शोध आमच्याकडे सुतळीने जखडण्याचे कारण यंत्रात नव्हते, मजुरीच्या पद्धतीत होते.

मी काम करतो त्या सुट्या भागांच्या कारखान्यात दोष दिसला की कुणीही दोरी ओढतो, गटप्रमुख धावत येतो आणि ठरावीक वेळेत अडचण सुटली नाही तरच काम थांबते. दोरी ओढणाऱ्याचा पगार त्यामुळे कमी होत नाही. पद्धतीचे गमक माझ्या मते एवढेच आहे. भिंतीवर जपानी शब्दांचे फलक लावून ते येत नाही (पूर्व भागात निम्मे बोलणे तेलुगूत चालते, हे फलक लावणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, तो भाग वेगळा).

जपानचे सगळेच उचलावे, असेही मला वाटत नाही. येथल्या मोठ्या कारखान्याचे गोदाम रिकामे दिसते, कारण साठ्याचा भार छोट्या पुरवठादाराने उचललेला असतो. मार्च २०११ च्या भूकंपानंतर सुट्या भागांअभावी जपानभरचे मोटार कारखाने बंद पडले, तेव्हा रिकाम्या गोदामाची किंमतही कळली. सुताचा भाव आठवड्यात बदलत असताना आणि पाणी काही दिवसांआड येत असताना, सूत भरून ठेवणाऱ्या किंवा डाइंगसाठी (सूत रंगवण्यासाठी) टाक्या बांधणाऱ्या सोलापूरच्या कारखानदाराला मी अव्यवहारी म्हणणार नाही.

मामेभावाने चार मागांवर प्रयोग करायचे ठरवले: पट्टी मोकळी करायची, आणि धागा तुटून माग थांबला तर त्या वेळेची मजुरी द्यायची. ‘मग तो चहालाही माग थांबवील,’ असा मामांचा आक्षेप होता. मी वहीकडे बोट दाखवले. त्यांचे समाधान झाले नाही. चार मागांची सुतळी त्यांनी सोडू दिली, उरलेल्या वीस मागांना मात्र हात लावू दिला नाही.