दुसऱ्या दिवशीचा हिशोब

प्राथमिक शाळेत गणित आणि अर्थशास्त्र हातात हात घालून शिकवावं, हे एका लेखातलं म्हणणं मला मनापासून पटलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. आमच्याकडे दरवर्षी बालबाजार भरतो. यंदा एका मुलीने 6 रुपयांप्रमाणे मेथीच्या 25 जुड्या आणल्या आणि 10 रुपयांना एक अशा विकल्या. दुपारी उरलेल्या 6 जुड्यांनी माना टाकल्या, तशी तिने हाळी दिली, "दहाला दोन!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर हिशोब मांडला. एक जण म्हणाला, "बाई, हिने तोट्यात विकली." त्या जुड्यांवर रुपया-रुपया तोटा झाला, हे खरंच. पण त्या घरी नेल्या असत्या तर नफा 40 रुपये राहिला असता, आता 70 झाला. तेवढ्यात भेळवाल्या मुलाने विचारलं, "आईने कांदा चिरला, तिची मजुरी धरायची का?" अख्खा तास त्यावरच गेला, मी जाऊ दिला.

बाजारातला हिशोब आणि फळ्यावरचा हिशोब असे जोडून घ्यावे लागतात, हेच अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्या गटाचा 2025 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दाखवतो. दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशोब चटकन करतात, पुस्तकी मांडणीत मात्र अडतात. शाळकरी मुलांचं नेमकं उलट.

बहुतेक ठिकाणी फोटो निघाले की बालबाजार उठतो. दुसऱ्या दिवशीचा तो तास वेळापत्रकात धरा, ही सगळ्या शिक्षकांना कळकळीची विनंती.