‘ब्राउझर असताना सॉफ्टवेअर कशाला?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

लग्नसराई ओसरली की आमच्या शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर ज्ञानाचा पाऊस सुरू होतो. यंदा जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय तो मेसेज असा: ‘फाइल पाठवायला वेगळं सॉफ्टवेअर लागायचे दिवस गेले. क्रोमनेच एफटीपी बंद केलं, म्हणजे ते तंत्र मेलं. ब्राउझरमध्ये सगळं होतं, अर्धवट राहिलं तर पुढून सुरू होतं, स्पीड तेवढाच मिळतो. उलट सॉफ्टवेअरमधून पासवर्ड चोरीला जातात. आजच काढून टाका.’

चोपड्याच्या माझ्या मित्राने खरंच काढून टाकलं. मग रात्री अकराला फोन: ‘भो, आते काय करू?’ त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. मी स्वतः लग्नं आणि अहिराणी गाण्यांचं एडिटिंग करतो, त्यामुळे रोजचा संबंध मोठ्या फाइलींशी. आणि एफटीपी म्हणजे आपला कॉम्प्युटर आणि सर्व्हर, म्हणजे नेटवरचा दूरचा कॉम्प्युटर, यांच्यात फाइली नेण्या-आणण्याची जुनी पद्धत.

‘क्रोमने एफटीपी बंद केलं, म्हणजे ते मेलं.’

पहिलं वाक्य खरं आहे. 2021 मध्ये क्रोमने ते टप्प्याटप्प्याने काढलं, ऑक्टोबरच्या 95व्या आवृत्तीत पुरतं गेलं. फायरफॉक्सने त्याच वर्षी जुलैत, 90व्या आवृत्तीत काढलं. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. या ब्राउझरांत एफटीपी होतं तेव्हाही ते फक्त यादी बघण्यापुरतं आणि फाइल उतरवून घेण्यापुरतं (डाउनलोड) होतं, चढवण्याची (अपलोड) सोय त्यांत नव्हतीच. आता तेवढंही गेलं. म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर अजून एफटीपी चालतं, त्याला वेगळ्या प्रोग्रामची गरज पूर्वीपेक्षा जास्तच आहे. दुकानदाराने एक माल ठेवणं बंद केलं म्हणून तो माल पिकायचा थांबत नाही.

एफटीपी म्हातारं आहे हे मान्य. त्याचा पहिला आराखडा एप्रिल 1971 चा, आणि तो लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरमधून अमेरिकेतल्या एमआयटीत गेलेले आपलेच गृहस्थ. हे ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करत नाही! त्या काळात चोरांची धास्ती नव्हती, म्हणून साध्या एफटीपीत नाव आणि पासवर्ड उघड्यावर जातो. ब्राउझरांनी ते टाकलं त्यामागे हे मोठं कारण. पण त्यावर उपाय कधीचा आलाय. एफटीपीएस म्हणजे तेच एफटीपी, कुलूप लावलेलं. एसएफटीपी नावाने भाऊ वाटतो पण तो वेगळ्याच घरचा: एसएसएच या दूरच्या कॉम्प्युटरशी कुलूपबंद बोलायच्या पद्धतीवरून चालतो, 22 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे नेटच्या त्या नंबरच्या दारातून. फाइलझिला किंवा विनएससीपी या फाइली पाठवायच्या प्रोग्रामांत हे दोन्ही एका यादीतून निवडता येतं. ‘सॉफ्टवेअर म्हणजे एफटीपी, आणि एफटीपी म्हणजे असुरक्षित’ ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

‘अर्धवट राहिलं तर ब्राउझर पुढून सुरू करतो.’

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण आमचं सगळं दुखणं इथेच आहे.

फाइल उतरवून घेताना हे बऱ्याचदा खरं असतं. ब्राउझर सर्व्हरला सांगतो, ‘मला अमुक बाइटपासून पुढचं दे’, आणि सर्व्हरला ती भाषा येत असेल तर तो तेवढंच देतो. पण लिंकची मुदत संपली, किंवा सर्व्हर झिप त्याच क्षणी बनवून देत असेल, तर गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर.

चढवताना मात्र ब्राउझरकडे असं अंगचं काही नाही. वेबपानातल्या फॉर्ममधून फाइल पाठवायची सोय 1995 पासूनची, आणि त्यात फाइल एका दमात जाते. दम तुटला की सगळं शून्य. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी पुढून सुरू होतं, कारण त्यांनी स्वतः तुकडे पाडून पाठवायची व्यवस्था लिहिली आहे. ती त्या साइटची करामत. ती सगळ्या ब्राउझरच्या नावावर जमा करू नये. आणि तिथेही टॅब बंद झाला की कारभार आटोपला.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. एका गाण्याची 22 जीबीची एकच फाइल पुण्याच्या स्टुडिओला कलर करायला, म्हणजे व्हिडिओचे रंग सुधारायला, पाठवायची होती. त्यांनी ब्राउझरमध्ये उघडायचं अपलोडचं पान दिलं. आमच्याकडे मे म्हणजे 45 अंश, आणि लाइटीचा भरवसा तेवढाच. लाइट गेली की लॅपटॉप जिवंत राहतो, राउटर मरतो. 91 टक्क्यांवर राउटर मेला. परत लावलं, 60 वर मेला. तिसऱ्या रात्री मी त्यांच्याकडे एसएफटीपीचं लॉगिन मागून घेतलं. त्या रात्री लाइट तीनदा गेली, आणि मी झोपलेलो होतो. सकाळी फाइल पोचलेली.

केळीला पाणी देणाऱ्या कोणालाही हे एका वाक्यात कळेल. रात्रीची लाइट असली की मोटारीच्या स्टार्टरला ऑटो बसवतात. लाइट आली की मोटार आपोआप चालू. ऑटो नसेल तर बॅटरी घेऊन विहिरीवर जा. ब्राउझरमधलं साधं अपलोड म्हणजे बिनऑटोचा स्टार्टर.

पण ऑटो बटण दाबल्याशिवाय चालत नाही, हेही सांगितलं पाहिजे. फाइलझिला नवीन टाकलं की अपयश आल्यावर ते फक्त दोनदा पुन्हा प्रयत्न करतं, मधे पाच सेकंद थांबून. आपल्याकडे पाच सेकंदांत कधी लाइट येते? सेटिंगमध्ये जाऊन प्रयत्नांचा आकडा आणि मधला वेळ दोन्ही वाढवा. तिकडे त्याच नावाची फाइल आधीच असेल तर काय करायचं, हे ते विचारत बसतं. तिथे ‘रिझ्यूम’, म्हणजे राहिलं तिथून पुढे, निवडून ठेवा. आणि एक खड्डा: मधल्या वेळेत तुम्ही तीच फाइल त्याच नावाने पुन्हा एक्सपोर्ट केली, तर जुन्याचं मुंडकं आणि नव्याचं धड अशी खिचडी पलीकडे तयार होते. नवा एक्सपोर्ट, नवं नाव.

‘स्पीड तेवढाच मिळतो.’

हे जवळजवळ खरं, आणि सॉफ्टवेअरच्या बाजूने ‘दहापट वेग’ म्हणून छाती ठोकणारेही चूकच. वाट लाइनची असते. अपलोड 10 एमबीपीएस असेल तर 40 जीबीला साधारण नऊ तास, प्रोग्राम कोणताही वापरा. एवढ्या वेळात हार्ड डिस्क रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जळगावहून पुण्याला पोचते. 500 जीबी असेल तर मी आजही ट्रॅव्हल्सवाल्यालाच गाठतो.

फरक पडतो तो फाइली बारक्या आणि पुष्कळ असल्या की. लग्नाचे 1200 फोटो एकामागून एक जाताना प्रत्येकाला थोडा वेळ नुसत्या बोलाचालीत जातो. प्रोग्राम एका वेळी अनेक फाइली पाठवतो. फाइलझिलात मुळात दोन, वाढवून दहापर्यंत. याच्या उलट ड्राइव्हवरचा मोठा फोल्डर ब्राउझरमधून उतरवला तर त्याच्या झिपचे दोन-तीन भाग येतात, आणि एक भाग राहून गेला की हळदीचे फोटो गायब. पार्टी शिव्या आपल्याला घालते.

‘सॉफ्टवेअरमधून पासवर्ड चोरीला जातात.’

धूर आहे तिथे थोडी आग होती. फाइलझिला बरीच वर्षं साठवलेले पासवर्ड कॉम्प्युटरवर कोणालाही वाचता येतील असे ठेवत असे. साठवलेले सगळे पासवर्ड एकाच पासवर्डच्या कुलपात ठेवायची, म्हणजे मास्टर पासवर्डची, सोय 2017 मध्ये आली, तीही आपण चालू केली तरच. त्यांच्याच साइटवरच्या इन्स्टॉलरमध्ये भलतीसलती सॉफ्टवेअरं गळ्यात मारायच्या ऑफर असायच्या, हेही खरं. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलेल्या माणसाच्या कॉम्प्युटरवर मी त्यातून आलेला कचरा साफ केलाय. पण ब्राउझरही पासवर्ड साठवतोच ना? ज्या कॉम्प्युटरचं लॉगिन 1234 आहे, तिथे दोन्ही सारखेच उघडे.

ब्राउझरची बाजू एवढ्यावरच संपत नाही. नवरदेवाच्या मामाने मोबाइलमधल्या चार क्लिप पाठवायच्या असतील तर त्याला एसएफटीपी शिकवणारा मी मूर्ख ठरेन. त्याला लिंक द्यायची. कॉलेज किंवा ऑफिसच्या नेटवर 22 आणि 21 नंबरचे पोर्ट बऱ्याचदा बंद असतात, ब्राउझरचा 443 सगळीकडे उघडा, तिथे दुसरा इलाजच नसतो. वेबसाइटची झिप चढवून तिथल्या तिथे उलगडायची असेल तर होस्टिंगचं ब्राउझरमधलं फाइल मॅनेजर जास्त सोयीचं. माझा हिशेब ढोबळ आहे: फाइल घ्यायची असेल किंवा एकदाच द्यायची असेल तर ब्राउझर; रोज, मोठी आणि रात्रभर चढवायची असेल तर प्रोग्राम.

चोपड्याच्या मित्राला त्या रात्री फाइलझिला परत टाकायला लावलं. सर्व्हरचा पासवर्ड त्याला आठवत नव्हता, म्हणून तो आणखी घाबरलेला. प्रोग्राम उघडला तर जुन्या सगळ्या साइट, सगळे पासवर्ड जागच्या जागी. सॉफ्टवेअर काढलं तरी त्याची सेटिंगची फाइल विंडोजच्या रोमिंग फोल्डरात तशीच पडून राहिली होती. पासवर्ड चोरीला जाऊ नयेत म्हणून गड्याने चार दिवस सॉफ्टवेअर काढून ठेवलं होतं.