जरा माउस हलवा

कॉम्प्युटरला सगळं जमतं, लहरीपणा तेवढा जमत नाही. काल जे केलं तेच आज, तसंच. आता गुप्त किल्ली म्हणजे कुणाच्या बापालाही ओळखता येणार नाही असा आकडा. तो या आज्ञाधारक बाळाने आणायचा कुठून? म्हणून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आधी बाहेरची गडबड गोळा करतो: बटण नेमकं कधी दाबलं गेलं, माउस कधी हलला, डिस्कने कधी उत्तर दिलं. त्याचं सीड, म्हणजे सुरुवातीचं बी, एकदा पडलं की पुढचे आकडे जनरेटर हवे तेवढे काढतो, विरजण लागल्यावर दुधाकडे बघावं लागत नाही तसं.

पण विरजण पडेपर्यंत बसायचं कोणी? मी.

काम साधं होतं. क्लायंटच्या सर्व्हरवर जीपीजीची, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमची, किल्ली तयार करायची. आज्ञा दिली, तर सूचना आली: भरपूर रँडम बाइट्स लागतील, तोवर काहीतरी टाइप करा, माउस हलवा, डिस्कला काम द्या. माउस माझ्या टेबलावर, पुण्यात. सर्व्हर कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये, आणि तोही व्हर्च्युअल. तरी मी इमानाने माउस फिरवला. शेजारचा म्हणाला, "काय रे, गेम खेळतोस?"

कर्नलकडे किती एन्ट्रॉपी, म्हणजे ही गडबड, जमली ते बघता येतं. बघितलं. परत बघितलं, तर कमी! या जुन्या कर्नलवर कुठलाही नवा प्रोग्रॅम सुरू होताना स्वतःसाठी थोडे रँडम बाइट्स उचलतो, आणि 'किती शिल्लक आहे' हे दाखवणारी आज्ञा हासुद्धा प्रोग्रॅमच. म्हणजे डबा उघडून बघायचीही चोरी.

तेवढ्यात मॅनेजर आले. "झालं का?"

"सर, सर्व्हरला एन्ट्रॉपी कमी पडतेय."

"मग रिक्वेस्ट टाक ना. बजेट आहे."

शेजाऱ्याने सल्ला दिला, "घड्याळातली वेळ घे आणि टाक सीड म्हणून. कोणाला कळतंय?" कळतं. 1995 मध्ये नेटस्केप या ब्राउझरने तेच केलं होतं: वेळ आणि दोन प्रोसेस क्रमांक, म्हणजे चालू प्रोग्रॅमना मिळणारे नंबर. बर्कलीच्या गोल्डबर्ग आणि वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी ते उघडं पाडलं. त्याहून भारी किस्सा डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचा. मेमरी तपासणारं एक साधन ओपनएसएसएल या किल्ल्या बनवणाऱ्या कोडवर कुरकुर करत होतं, म्हणून 2006 मध्ये दोन ओळी कॉमेंट करून, म्हणजे बंद करून, टाकल्या. कुरकुर थांबली, कोड स्वच्छ झाला. फक्त त्यातली एक ओळ गोळा केलेली सगळी गडबड आत ओतणारी होती! सीड म्हणून उरला निव्वळ प्रोसेस क्रमांक. एका जातीच्या प्रोसेसरवर एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या जगभरात मिळून उरल्या जेमतेम 32 हजार. डेबियनच्याच लुचियानो बेल्लोने शोधून काढल्यावर मे 2008 मध्ये ते जाहीर झालं. तोवर दीड वर्षाहून जास्त काळ लोक आपापली 'एकमेव' किल्ली जपून ठेवत होते. इतका नीटनेटकेपणा मला कोड रिव्ह्यूमध्येही संशयास्पद वाटतो.

2020 मधल्या लिनक्स कर्नल 5.6 पासून हा ताप गेला. एकदा सीड पडलं की कर्नल पुन्हा वाट बघायला लावत नाही. पण आमच्या क्लायंटला नवीन कर्नलची भीती वाटते. पासवर्ड मॉनिटरला चिकटवायची वाटत नाही.

शेवटी अख्ख्या डिस्कवर फाइंड, म्हणजे फायली शोधणारा प्रोग्रॅम, सोडला. डिस्क खडबडून जागी झाली, अक्षरं सरकू लागली, किल्ली निघाली. दिवस मात्र गेला होता, आणि आमच्या टाइमशीटला उशिराचं कारण लागतं. यादीतून एकच निवडायचं. 'तांत्रिक अडचण' निवडली की मीटिंग लागते. 'इतर' निवडलं की दोन मीटिंगा.

मी 'क्लायंटकडून माहिती येणे बाकी' निवडलं. बिट्सच्या हिशेबाने शंभर टक्के खरं होतं ते.