ट्राम येऊ नये म्हणून काय करावे?

ब्रिटनमध्ये कायमचं राहण्याचा परवाना हाती पडला की भारतीय पासपोर्ट खिशात असतानाही तिथल्या पालिकेची निवडणूक लढवता येते, हे पुष्कळ मराठी माणसांना ठाऊक नसतं. मंडळाच्या गणेशोत्सवाची वर्गणी मागून हात बसला असेल आणि पावसात दारोदार फिरायची तयारी असेल, तर बेलाशक उभे राहा. निवडून आलात की शहर वाहतुकीचं खातं कुणीतरी तुमच्या गळ्यात मारेलच, कारण जुनेजाणते त्याला हात लावत नाहीत. घाबरू नका. या खात्यात काही घडवायचं नसतं, काही घडणार नाही एवढी दक्षता घ्यायची असते. आणि ती विद्या शिकायला तिथं दिग्गज गुरू आहेत.

पहिला गंडा लीड्सचा बांधा. तिथली शेवटची ट्राम १९५९ साली बंद झाली. त्यानंतर आजतागायत या शहरात ना ट्राम आहे, ना मेट्रो. पश्चिम युरोपात एवढं मोठं असं दुसरं शहर नाही, हे वाक्य तिथल्या पुढाऱ्यांना तोंडपाठ आहे. २००१ मध्ये सरकारनं लीड्सच्या सुपरट्रामला मंजुरी दिली. नवखा माणूस इथं पेढे वाटून मोकळा झाला असता. जाणते मात्र खर्च वाढायची वाट बघत बसले. तो यथावकाश वाढला, आणि २००५ मध्ये वाहतूकमंत्री अलिस्टर डार्लिंग यांनी योजना मोडीत काढली. चांगल्या बसनंही काम भागेल म्हणाले. मग ट्रॉलीबसची, म्हणजे डोक्यावरच्या तारेतून वीज घेऊन धावणाऱ्या बसची टूम निघाली. तिच्यावर जाहीर सुनावणी झाली, निरीक्षकानं प्रतिकूल शेरा मारला आणि मे २०१६ मध्ये तीही गेली. दोन्ही मिळून कोट्यवधी पौंड उडाले, पण एक प्रवासी म्हणून कुठं बसला नाही. सध्या तिसरं घोंगडं भिजत पडलं आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यासाठी पैसे जाहीर झाले आणि वर्ष संपायच्या आत पहिली ट्राम पुढच्या दशकाच्या शेवटाकडे सरकली.

बारकावा लक्षात घ्या. यात ‘नाही’ असं पालिकेत कुणीच म्हणालं नाही. ‘नाही’ म्हणणारा लोकांच्या ध्यानात राहतो आणि पुढच्या निवडणुकीत पडतो. तुम्ही ‘होय, अगदी हवीच, फक्त आधी व्यवहार्यता अहवाल येऊ दे’ म्हणा. अहवाल आला की तो जुना झाल्याचं दाखवून द्या. लोकसंख्या बदलली, व्याजदर बदलले, सरकार बदललं, काहीतरी बदललेलं असतंच.

कधीकधी नशीब फिरतं आणि ट्राम खरोखरच बांधावी लागते. मग एडिनबरो गाठा. तिथं ठरला होता ३७ कोटी ५० लाख पौंडांचा खर्च आणि २०११ ची तारीख. शहराचा मुख्य रस्ता प्रिन्सेस स्ट्रीट खणून ठेवला, ठेकेदाराशी भांडण जुंपलं, काम बंद पडलं, दुकानदार बोटं मोडत बसले. अखेर मे २०१४ मध्ये ठरल्यापेक्षा आखूड मार्ग सुरू झाला आणि बिल आलं ७७ कोटी ६० लाखांचं. पण एडिनबरोची खरी कर्तबगारी याच्या पुढची आहे. चुकलं काय, हे शोधायला त्याच वर्षी माजी न्यायाधीश लॉर्ड हार्डी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. ट्राम बांधायला सहा वर्षं लागली होती, चौकशीला नऊ लागली. खर्च सुमारे १ कोटी ३० लाख पौंड. अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये बाहेर पडला. दरम्यान शहरानं त्याच मार्गाचा न्यूहेवनपर्यंतचा पुढचा टप्पा बांधून जून २०२३ मध्ये सुरूही करून टाकला होता. आधीच्या चुका कोणत्या, हे तीन महिन्यांनी कळलं. वरातीमागून घोडं आपल्याकडंही येतं, पण त्याला न्यायाधीश बसवून आणण्याचा डौल स्कॉटिश लोकांनाच जमतो.

बसचं काय, असं मतदार विचारतील. बसचा प्रश्न तुमच्या जन्माआधीच मिटवून ठेवलाय. २६ ऑक्टोबर १९८६ पासून बससेवा खुल्या बाजारात सोडली गेली. कुणीही यावं, जिथं परवडेल तिथं बस चालवावी, नाही परवडली की नोटीस देऊन बंद करावी. स्पर्धेमुळं तिकिटं स्वस्त होतील आणि प्रवासी वाढतील, असं सांगण्यात आलं. औषध इतकं गुणकारी होतं की लंडनला त्यातून वगळण्यात आलं. कायदा करणारे लंडनला राहत होते, हा योगायोग समजा.

मँचेस्टरच्या विल्म्स्लो रोडवर, जिथं विद्यार्थी आणि बिर्याणीची दुकानं दोन्ही उदंड, तिथं बसला बस चिकटलेली असायची. एका कंपनीचा पास दुसरीच्या बसमध्ये चालत नसे, त्यामुळं समोर उभी असलेली बस सोडून मागची ‘आपली’ बस शोधत लोक धावायचे. शहराच्या कडेच्या वस्त्यांत मात्र संध्याकाळी सातनंतर शुकशुकाट. अशा एखाद्या थांब्यावर स्वतः एकदा उभे राहून बघा, अभ्यास म्हणून. इलेक्ट्रॉनिक पाटीवर ‘२ मिनिटं’ उमटतं. दहा मिनिटांनीही ‘२ मिनिटं’च असतं. मग ‘आली’ असं दिसतं आणि ती ओळच पुसली जाते. रस्ता रिकामा. शेजारच्या आजी पिशवी या हातातून त्या हातात घेतात, आभाळाकडं बघतात आणि गप्प राहतात, कारण त्या देशात रांगेत तक्रार करणं हे रांग मोडण्याइतकंच असभ्य. नगरसेवक म्हणून तुम्ही लगेच कृती करा. पाटी बदलायची निविदा काढा.

अँडी बर्नहॅम यांच्यासारखी नसती उठाठेव करू नका. हे गृहस्थ ग्रेटर मँचेस्टरचे महापौर असताना त्यांनी बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली घ्यायचं ठरवलं. मार्ग, भाडं, वेळापत्रक सरकारी यंत्रणा ठरवणार आणि कंपन्या ठेका घेऊन नुसत्या बस चालवणार, म्हणजे लंडनला पहिल्यापासून चालू असलेलीच पद्धत. मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या, तिथं हरल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये बोल्टन आणि विगनकडून सुरुवात झाली, जानेवारी २०२५ मध्ये सगळं ग्रेटर मँचेस्टर पिवळ्या बसखाली आलं. आता बस उशिरा आली की लोक थेट महापौरालाच जाब विचारणार. काय ही हौस! खासगी कंपनीकडं बोट दाखवण्याची सोय माणसानं आपल्या हातानं का घालवावी?

पैशाचा विषय निघालाच तर सार्वमत घ्या. लंडनमध्ये तेव्हाचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी २००३ मध्ये मध्यवर्ती भागात गाडी आणायला पाच पौंड लावले, पण त्या माणसानं आधी कौल मागायची चूक केली नव्हती. एडिनबरोनं २००५ मध्ये तसाच कर लावू का, असं जनतेला विचारलं, ७४ टक्के नको म्हणाले. मँचेस्टरनं २००८ मध्ये विचारलं, तिथं ७९ टक्के. करासोबत सरकारकडून ट्राम-बससाठी सुमारे दीड अब्ज पौंड मिळणार होते, पण मतपत्रिका हाती आली की माणसाला आधी कर दिसतो. म्हणूनच तर ती द्यायची.

जुनाट गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड आकारणारं लंडनचं यूलेझ, म्हणजे कमी धुराचं क्षेत्र, आठवत असेल. ते बाहेरच्या उपनगरांत न्यायचं ठरलं आणि जुलै २०२३ मध्ये त्यातल्याच अक्सब्रिजची पोटनिवडणूक हुजूर पक्षानं ४९५ मतांनी राखली. चारशे पंच्याण्णव! एवढ्या मतांत सोसायटीचा सेक्रेटरी निवडून येतो. पण त्या आकड्यानं दोन्ही पक्षांची अशी गाळण उडाली, की ‘वाहनचालकांविरुद्धचं युद्ध’ थांबवण्याची भाषा सुरू झाली. लंडनचे महापौर सादिक खान यांनी ऑगस्टमध्ये ती योजना तरीही रेटली आणि २०२४ मध्ये तिसऱ्यांदा निवडून आले, हा तपशील पक्षाच्या बैठकीत काढू नका. वातावरण बिघडतं. त्यापेक्षा पेट्रोलवरच्या कराचं उदाहरण द्या. २०११ पासून दीड दशक तो वाढला नाही, रेल्वेचं भाडं मात्र जवळपास दरवर्षी वाढलं. रेल्वेनं जाणाऱ्याला सोसायची सवय असते.

घोषणेची जागा मात्र विचारपूर्वक निवडा. मँचेस्टरपर्यंतची वेगवान रेल्वे रद्द झाल्याचं ऋषी सुनक यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मँचेस्टरलाच जाऊन सांगितलं, आणि तेही ज्या सभागृहात, ते पूर्वीचं रेल्वे स्टेशन.

फारच कोंडी झाली तर ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हा शब्द वापरा. भाड्याच्या ई-स्कूटरचा प्रयोग २०२० मध्ये वर्षभरासाठी सुरू झाला होता. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत तो अजून चालूच आहे. तुमची स्वतःची ई-स्कूटर तुम्ही दुकानातून राजरोस विकत घेऊ शकता, फक्त ती सार्वजनिक रस्त्यावर चालवणं गुन्हा आहे. घरच्या दिवाणखान्यात फिरवा.

शेवटची सूचना नॉटिंगहॅमबद्दल. कचेरीच्या आवारात ११ किंवा जास्त गाड्यांची जागा ठेवणाऱ्या मालकांवर या शहरानं २०१२ पासून वर्षाकाठी कर बसवला. सार्वमत नाही, प्रयोग नाही. त्या पैशाच्या जोरावर २०१५ मध्ये ट्रामचे दोन नवे मार्ग सुरू केले, आणि मालक शहर सोडून पळालेही नाहीत. पालिका तुम्हाला अभ्यासदौऱ्यावर तिथं पाठवू बघेल. टाळता आलं तर टाळा. जावंच लागलं तर गाडीनं जा, आणि एम-वन मोटारवे सोडल्यावर थोड्याच वेळात टोटन लेनचं पार्क अँड राइड, म्हणजे गाडी ठेवून ट्राम पकडायचं ठिकाण लागतं, तिथं अजिबात थांबू नका. चुकून ट्राममध्ये बसाल आणि वेळेवर पोचाल.