रूट कॅनल आणि कांदा-लसूण

परवा संध्याकाळी सव्वासातला, ब्याडगीचं पोतं पालथं घालून देठ खुडत बसलेली असताना, फोनवर एका गृहस्थांनी मला विचारलं, "रूट कॅनलचं किती घेता?"

मी मसाले विकते. सांगलीत. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि हळद. राँग नंबर म्हणून फोन ठेवला. लगेच पुन्हा वाजला.

"मॅडम, कट झाला बगा. डाक्टर हायत काय?"

"अहो, हा दवाखाना नाही. मसाल्याचं दुकान आहे."

"न्हाई न्हाई. नेटवरनंच नंबर काडलाय की मी. हितं लिवलंय, वेदनारहित रूट कॅनल, अनुभवी डॉक्टर, आजच अपॉइंटमेंट घ्या. नंबर वाचून दावू का?"

वाचून दाखवला. दहाच्या दहा आकडे माझे.

"नंबर माझाच आहे, पण मी मसाले विकते."

"डाक्टर मसालं बी इकत्यात?"

"डॉक्टर नाहीत इथे."

"मग कवा येनार?"

"येणारच नाहीत! इथे डॉक्टर नाही, नर्स नाही, खुर्ची नाही. दुकानाची मालकीण मी आहे."

पलीकडे जरा शांतता. मग एकदम आवाजात अदब आली. "मंजी डाक्टर तुमीच व्हय? आदी न्हाई का सांगायचं! मी कवाधरनं तुमास्नी कंपाउंडर समजून बोलालोय."

यानंतर त्यांनी दाढ सांगायला घेतली. डावीकडची, खालची, शेवटून दुसरी. तीन दिवस झाले. गार पाणी लागलं की ठणका थेट कानात. रात्री उशी या कुशीवर घेतली तर असं, त्या कुशीवर घेतली तर तसं. दाढदुखीचं वर्णन माणसाला मध्येच तोडता येत नाही, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं. मी हातातली मिरची खाली ठेवून ऐकत राहिले आणि संपल्यावर म्हटलं, "अहो, तुम्ही मिरजेला जा ना. तिथे दवाखान्यांना काय तोटा आहे?"

"मिरजेत गर्दी असती ओ. म्हनून तर तुमास्नी फोन लावला. तुमच्यात गर्दी दिसत न्हाई."

हे खरं होतं, म्हणून लागलं. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "आमच्यात मिरची मिळते. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी. हवी असली तर सांगा."

"लवंग?"

"लवंगी. मिरची."

"आवं पर लवंग चालती की दाडंला! आमची आय तेच दाबून धराया लावायची. बरं झालं, औषिद निगालं तुमच्यातच. किती पडंल?"

लवंग मी ठेवते, हा माझा गुन्हा. पन्नास ग्रॅमचे सत्तर रुपये आणि कुरिअरचे साठ, असं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "तपासायचं काय घेत न्हाई म्हनताय, मग पार्सलचं साठ कशाला? असू दे, लावा. पैसं दाड थांबल्यावर पाटवतो."

एवढं सगळं कशामुळे झालं, तर मी चार महिन्यांपूर्वी वेबसाइट करून घेतली म्हणून. पाच पानांची, बारा हजारांत, पहिल्या वर्षाचं डोमेन (म्हणजे साइटचं नाव-पत्ता) आणि होस्टिंग (म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा) फुकट. "आठ दिवसांत लाइव्ह जाऊ मॅडम," असं साइट करणारा मुलगा म्हणाला होता. पंचेचाळीस लागले. ते सोडून देऊ.

छोट्या दुकानाची साइट कुणीही विटेवर वीट ठेवून बांधत नाही, आणि त्यात काही गैरही नाही. वर्डप्रेस नावाचं साइट बांधायचं सॉफ्टवेअर टाकतात आणि त्यावर तयार थीम, म्हणजे साचा, चढवतात. थीमबरोबर नमुन्याची अख्खी साइट येते. 'डेमो इम्पोर्ट' नावाचं एक बटण दाबलं की तिची पानं, मेनू, फोटो आणि मजकूर भसाभस उतरतात. मग खोडायचं आणि आपलं भरायचं. साइट करणाऱ्या त्या मुलाने आधी एका दातांच्या दवाखान्याचं काम केलं होतं, तीच साइट उचलून माझ्या नावावर ओतली. डोळ्यांना दिसतं तेवढं बदललं: बोधचिन्ह, फोन नंबर, पहिल्या पानावरचे फोटो. डोळ्यांना दिसत नाही ते तसंच ठेवलं, आणि गुगल नेमकं तेच वाचतं. प्रत्येक पानाला एक शीर्षक असतं आणि त्याखाली साधारण दीडशे अक्षरांचं वर्णन. ही दोन्ही पानावर दिसत नाहीत, शोधाच्या यादीत दिसतात. माझ्या दुकानाचं वर्णन होतं 'वेदनारहित रूट कॅनल'. शिवाय साइट गुगलला नीट सापडावी म्हणून वर्डप्रेसला एक जोड-सॉफ्टवेअर लावतात, एसईओचं प्लगइन. त्यात 'व्यवसायाचा प्रकार' असा रकाना असतो. तिथे 'डेंटिस्ट' निवडलेलं होतं. म्हणजे गुगलपुरती मी रीतसर दंतवैद्य होते.

तुमची साइट असेल तर आजच बघून घ्या. गुगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, पुढे कोलन आणि जागा न सोडता आपला पत्ता टाकला, की गुगलला तुमची कोणकोणती पानं ठाऊक आहेत ती समोर येतात. पैसे पाच पानांचे दिले होते, निघाली तेवीस. मेनूतून काढलं म्हणजे पान पुसलं जात नाही, ते नुसतं दाराआड उभं राहतं. 'आमची टीम' या पानावर पांढऱ्या कोटातले चार गोरेपान परदेशी लोक बत्तीसच्या बत्तीस दाखवत उभे होते. एक पान होतं 'दात शुभ्र करा'. हळद विकणाऱ्या बाईने दात शुभ्र करून देण्याची जाहिरात करायची!

चौकशीच्या फॉर्मचं दुखणं तर आणखी खोल. फॉर्म भरला की मजकूर कुठल्या ई-मेलवर जायचा, हे फॉर्मच्या सेटिंगमध्ये वेगळं लिहिलेलं असतं. पानावरचा पत्ता बदलून ते बदलत नाही. चार महिने माझ्या गिऱ्हाइकांच्या चौकश्या त्या मूळ दंतवैद्यांकडे जात होत्या. कुणीतरी दोन किलो कांदा-लसूण मसाला मागवला असणार आणि त्यांनी तो वाचून मिटवला असणार. एक ओळ लिहून कळवलं असतं तर काय बिघडलं असतं? आता पत्ता दुरुस्त झालाय, पण सर्व्हरवरून थेट सुटलेली पत्रं बरेचदा स्पॅममध्येच पडतात, कारण हे पत्र आपल्याच डोमेनचं आहे याची नोंद डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, लागते. ती कुणी केलेली नसते. काम ताब्यात घेताना स्वतःच्या मोबाइलवरून फॉर्म भरून बघायचा आणि पत्र पोहोचल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. मी दिला.

मराठी मजकुराचं तर विचारूच नका. दुकानाचं माहितीपत्रक छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं होतं. या फॉन्टांत अक्षर मराठी दिसतं, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी. पानावर चिकटवलं तेव्हा 'घरगुती मसाले'च्या जागी डॉलर, कंस आणि उलटी स्वल्पविरामं उमटली. मुलगा म्हणाला, "तुमच्या फोनमध्ये प्रॉब्लेम असेल." प्रॉब्लेम फोनमध्ये नव्हता. मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावा लागतो आणि बदलल्यावर ओळ न ओळ तपासावी लागते, कारण यंत्राचे पाय हटकून जोडाक्षरात अडकतात. आमच्या 'काळ्या मिऱ्यांची पूड' चार दिवस 'मिर्यांची' म्हणून विकायला होती. एकही विकली गेली नाही. त्याचं कारण हेच असं माझं म्हणणं नाही, पण नाहीच असंही नाही. पुढे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसायला लागले. चांगल्या फॉन्टात मराठी वळणही असतं, मात्र पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगावं लागतं. एका शब्दाचं काम. तीन आठवडे.

फोटो मी व्हॉट्सअॅपवर पाठवले. तिथे ते आकसतात, मग पहिल्या पानावर ताणले की मसाला विटकरीच्या चुऱ्यासारखा दिसतो. पाठवायचेच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत. मग त्याने उलट टोक गाठलं आणि पाच-पाच एमबीचे बारा मूळ फोटो तसेच चढवले. साठ एमबीचं पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातून मसाला घेऊन, घरी जाऊन, रस्सा करून मोकळं होतं. बाराशे ते सोळाशे पिक्सेल रुंदी आणि दोनशे केबीच्या आत, एवढं फोटोला पुरे.

पैसे घेण्याची सोय करायला गेले तर पेमेंट गेटवेवाल्यांना आधी पानं हवी होती: अटी, गोपनीयता, माल पोहोचवणं, परतावा. पॅन, बँकेचा रद्द केलेला धनादेश आणि एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, चौदा आकडी क्रमांकही हवा होता. तो माझ्याकडे होता. परताव्याच्या पानावर मात्र वाक्य निघालं, 'उपचार सुरू झाल्यानंतर रक्कम परत मिळणार नाही.' अर्ज परत आला. त्यांचा दर साधारण दोन टक्के आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे पाचशेच्या मालामागे अकरा रुपये ऐंशी पैसे. कुरिअरवाले खोक्याचं आकारमानही वजन म्हणून धरतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले पाच हजार. तीस बाय वीस बाय पंधराच्या खोक्यात पाव किलो तिखट ठेवलं तर ते एक किलो आठशे ग्रॅमचं होतं. हे मला कुणी आधी सांगितलं नाही. आता मी लहान खोकी आणलीत.

आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क लागतो. तक्रार मिळाल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याभरात. आमच्याकडे अधिकारी व्हायला दोनच माणसं, मी आणि देठ खुडणाऱ्या मावशी. मावशी म्हणाल्या, "मला नगं, मी भांडंन." म्हणून मीच. माझ्याविषयीची तक्रार माझ्याकडे करायची, मी ती मिळाल्याचं कळवायचं आणि महिनाभर माझी चौकशी करायची.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. डोमेनचं नेता येत नाही. माझ्या दुकानाचं नाव, जे सासऱ्यांनी १९८७ साली पाटीवर रंगवून घेतलं, ते इंटरनेटवर त्या मुलाच्या नावावर आहे. 'फुकट' या शब्दाचा अर्थ तो. त्याच्या खात्यातून, त्याच्या ई-मेलवरून नोंदवलेलं. मुदत संपल्याची सूचना त्याला जाणार आणि मला कळणार ती साइट बंद पडल्यावर. डोमेन दुसरीकडे न्यायचं तर ट्रान्सफरचा कोड लागतो, तो तोच काढून देऊ शकतो. मी तो सहा वेळा मागितला. पाच वेळा "पाठवतो मॅडम" आणि एकदा अंगठा. दुकान भाड्याने घेताना करारनामा करतो, वीजमीटर कुणाच्या नावावर आहे ते बघतो, आणि इथे वर्षाला हजार रुपयांच्या आसपासची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर ठेवून त्याचे आभार मानतो. मी मानले. पेढेही दिले होते.

शीर्षकं, वर्णनं आणि ती अठरा पानं मी स्वतः बसून दोन रात्रीत काढली. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या खिडकीत, 'पुन्हा बघा' अशी विनंती टाकली. तरी गुगल आपल्या सवडीने येतं, त्यामुळे यादीत काही दिवस तरी मी दात काढत राहणार.

लवंग तिसऱ्या दिवशी पोहोचली. पैसे आले नाहीत, रिव्ह्यू आला: 'लवंग चांगली आहे. डॉक्टर मॅडम बोलायला कडक. पेशंटला वेळ देत नाहीत.' दोन तारे. दुकानाला एकूण चार रिव्ह्यू, त्यातला हा एक. सरासरी पाचावरून सव्वाचारवर आली. मालकाला रिव्ह्यू काढता येत नाही, विषयाबाहेरचा म्हणून कळवता येतो आणि वाट बघता येते. कळवला. उत्तर आलं, धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही. मग मालक म्हणून खाली जाहीर उत्तर लिहायला बसले. तीनदा लिहून पुसलं. शेवटी लिहिलं, 'धन्यवाद. दाढ कशी आहे?'

त्या मुलाला हे सगळं सविस्तर, फोटोंसकट पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं, पुढच्या वर्षीचं बिल. डोमेन, होस्टिंग दुपटीहून जास्त, देखभाल, आणि चौथ्या ओळीत: 'थीम लायसन्स (डेंटल क्लिनिक), एक वर्ष.'